आत काय ठेवणार आहेस?

भाचीने माझ्या घराभोवती दोन चकरा मारल्या. खिडकीच्या काचेला तोंड लावून आत डोकावली, भिंतीवर एकदा कुऱ्हाड आपटून पाहिली आणि मग फोनवरून (माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी घरं बांधायचा संगणकावरचा खेळ; तो खेळताना आम्ही फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवतो) अगदी सहज म्हणाली, "मामा, छान आहे. आत काय ठेवणार आहेस?"

"ठेवणार काय? राहणार आहे. घर आहे ते."

पलीकडे दोन-तीन सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मग, "अच्छा! मला वाटलं गोदाम आहे."

ती अकरा वर्षांची आहे, नाशिकला असते. टोमणा असता तर हसून सोडून दिला असता. पण तिला खरोखरच ते गोदाम वाटलं होतं आणि गोदाम म्हणून ते तिला आवडलंही होतं. हे दुसरं जास्त झोंबलं. तीन रात्री खपलो होतो मी त्यावर. माइनक्राफ्टमध्ये अख्खा दिवस वीस मिनिटांचा, त्यातलं नीट ऊन दहा मिनिटं. माझी पहिली रात्र मातीत खणलेल्या खड्ड्यात गेली होती, डोक्यावर मातीचाच एक ठोकळा ओढून, बाहेर कुणीतरी घोगरं कण्हतंय ते ऐकत. म्हणजे घर या गोष्टीची माझी तिथली ओळखच मुळी भीतीतून झालेली. त्या भीतीतून जे उभं राहिलं ते असं होतं: सोळा ठोकळे लांब, दहा रुंद, पाच उंच, सगळं दगडाचं, वर सपाट छत, आत चार-चार पावलांवर मशाली. दार मधोमध बसवायचं होतं, पण लांबी सोळा असल्यावर मध्य कुठल्याच ठोकळ्यावर येत नाही, दोन ठोकळ्यांच्या फटीत येतो. ते मला दार लावताना कळलं. मग दार थोडं डावीकडे गेलं. जाऊ दे म्हटलं. एकही क्रीपर, म्हणजे खेळातला राक्षस, आत येऊ शकला नव्हता, याचाच अभिमान इतका होता की दाराचं कोण बघतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तो शब्द डोक्यातून जाईना. मी एका बँकेत गृहकर्ज विभागात आहे. गेली एकोणीस वर्षं लोकांची घरं माझ्या टेबलावरून जातात, कागदाच्या रूपात. मूल्यांकनाचा अहवाल, मंजूर नकाशा, समोरून काढलेला एक फोटो. त्या दिवशी मी ते फोटो पहिल्यांदाच फोटो म्हणून बघितले. एकाखाली एक दहा-बारा असतील. सपाट, सपाट, सपाट. भिंत, भोक, भिंत, भोक. यातल्या प्रत्येक घरासमोर उभं राहून माझी भाची विचारू शकली असती, की आत काय ठेवणार आहात? आणि गंमत अशी की जे माझ्या घरात नव्हतं, ते आमच्या हिशेबातही नसतं. २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट क्षेत्राची व्याख्या आहे. घराच्या आतली वापरायची जागा त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची वगळून. व्याख्या चांगलीच आहे, तिच्यामुळे बिल्डरांची पूर्वीची बरीच चलाखी थांबली. पण त्या दिवशी मला ती वेगळीच वाचता आली. पडवी म्हणजे शून्य.

मग शिकवणी सुरू झाली. गुरू अकरा वर्षांचा, शिष्य सत्तेचाळीसचा. रविवारी सकाळी साडेदहाला, तिचा चित्रकलेचा क्लास संपल्यावर. पहिलाच धडा, लांबी-रुंदी नेहमी विषम घ्यायची. सात, नऊ, अकरा. मग दाराला मध्य मिळतो आणि छपरालाही एक टोक मिळतं. दुसरा धडा म्हणजे भिंत सपाट ठेवायची नाही. कोपऱ्यांवर झाडाच्या खोडाचे खांब उभे करायचे आणि भिंत त्यांच्या एक ठोकळा आत घ्यायची. "सावली पडली पाहिजे, मामा." खिडकीच्या दोन्ही बाजूंना तळघराची झडप उभी लावायची, ती तिथे खिडकीची फळी होते. जिन्याची पायरी उलटी करून छपराखाली टेकवली की टोडा होतो. कुंपणाचा एकच खांब छताला लोंबता ठेवला आणि त्याखाली कंदील, की झालं झुंबर. कुठलीही वस्तू तिच्या नावाच्या कामाला वापरायची नाही, हा त्या सगळ्याचा मथितार्थ. आणि एकाच दगडाची भिंत करायची नाही, ती मेलेली दिसते; साध्या दगडात थोडा अँडेसाइट, थोडा शेवाळलेला दगड मिसळायचा, खाली गडद, वर फिकट. "पण तीनच घे हां. जास्त घेतलेस की खिचडी होते." हे सगळं तिला कुणी शिकवलं, तर व्हिडिओंनी. मीही बघितले. एक माणूस अर्ध्या तासात एक सुंदर घर बांधतो, मागे पियानो वाजत असतो, आणि त्याच्या पेटीतले ठोकळे कधी संपत नाहीत.

त्यातलंच एक मी बरहुकूम उचललं. स्प्रूसच्या काळपट लाकडाचा सांगाडा, मधल्या चौकोनांत पांढऱ्या भिंती, आणि वर इतकं उभं छप्पर की निम्मं घर म्हणजे छप्परच. धुराडं, धुराड्यात शेकोटी लपवलेली, म्हणजे धूर खरा. कॅलेंडरवरच्या चित्रासारखं झालं. भाची म्हणाली, "वॉव," आणि या वेळी काहीच विचारलं नाही. मी पास झालो होतो.

आणि तरी त्या घरात मला जावंसं वाटेना.

जायचो, पेटीत सामान टाकायचो, झोपायचो, निघायचो. पाहुण्याच्या घरी जसे आपण गादीच्या कडेवर बसतो, तसा मी तिथे वावरत होतो. दोषही सापडेना. सगळे नियम पाळले होते. मग एका संध्याकाळी नुसताच समोरच्या टेकाडावर उभा राहून बघत होतो, तेव्हा छपराचा तो उभा उतार बघून वाटलं, हे कशासाठी? हा उतार बर्फासाठी असतो. बर्फ साठून वजनाने छप्पर बसू नये, म्हणून युरोपातल्या थंड मुलखात ते असं उभं करतात. खेळ स्वीडनमध्ये जन्मला, व्हिडिओ करणारेही बरेच तिकडचेच, आणि 'छान घर' म्हटलं की त्यांच्या हाताला तेच येतं. मी मात्र आजवर बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला.

पण खरा विचार त्याच्या पुढे होता, आणि त्यात मी दोन-तीन आठवडे अडकून पडलो. त्या जगात कुणालाच कशाची गरज नाही. वाळू आणि खडी सोडली तर जवळजवळ काही खाली पडत नाही. झाडाचा बुंधा तोडा, वरचं झाड हवेत तसंच राहतं. छप्पर खांबांशिवाय तरंगतं. पाऊस येतो, त्याने विस्तव विझतो, शेतातली माती ओली होते. घराला काहीही होत नाही. भिंतीला ओल येत नाही, लाकडाला वाळवी लागत नाही. सपाट छताची दगडी पेटी हे त्या जगातलं अत्यंत शहाणपणाचं, प्रामाणिक उत्तर आहे. आणि तेच कुरूप दिसतं! एका पोरीलासुद्धा. मग तिचे ते नियम म्हणजे काय होतं? खांब, कारण भार कुठून तरी खाली उतरायला हवा. टोडा, कारण पुढे आलेल्या छपराला कुणीतरी धरायला हवं. खाली गडद दगड, कारण जोत्याला पावसाचे शिंतोडे लागून ते काळवंडतं. छपराची कड भिंतीच्या पुढे, कारण भिंत भिजायला नको. जिथे वजन नाही तिथे वजन असल्याचं सोंग, जिथे गळत नाही तिथे गळेल अशी काळजी. डोळ्याला तेच सुंदर वाटतं, आणि कधी छपरावर न चढलेल्या, सहाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलीच्या डोळ्यालाही वाटतं, हे कुठून येतं?

आमचं गावचं घर राजापूर तालुक्यात. जांभ्याच्या चिऱ्यांचं. आता विचार केला तर ठोकळ्यांचं घर मी जन्मापासून ओळखत होतो. चिरेखाणीतून तासून काढलेले ते लालसर चिरे, त्यांच्यावर टाकीचे तिरके घाव, भोकाभोकांचे, हात लावला की तळव्याला लाल भुकटी. गडगा चिऱ्यांचा, जोतं चिऱ्यांचं, विहिरीचं बांधकाम चिऱ्यांचं. वर कौलं, मंगलोरी. ही कौलं घडवण्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५मध्ये मंगलोरला काढला, आणि बघता बघता साऱ्या किनाऱ्याची घरं वरून एकाच रंगाची झाली. पुढे पडवी. पडवीचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की मोठा माणूस वाकूनच आत येणार. पडवीत झोपाळा, त्याच्या कड्यांची कुरकुर. पावसाळ्यात समोर चुडतांची झापं बांधायची, तरी झड आत यायचीच. आणि खळ्यात, बरोबर वळचणीखाली, पागोळ्यांनी पाडलेली खळग्यांची एक सरळ ओळ. सप्टेंबरनंतर पाऊस जायचा तरी ती ओळ उरायची; खळं सारवताना आई ती बुजवायची.

हे सगळं लिहिताना मी हळवा होतोय हे मला कळतंय, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ते घर अंधारं होतं. माजघरात भर दुपारी दिवा लागायचा. चुलीच्या धुराने आई खोकायची. कौलांखाली विंचू असत. एकदा माझ्या पांघरुणावर पडला होता. आणि दर मे महिन्यात शाकारणी. सगळी कौलं उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी बदलायची, परत बसवायची. शेवटी शेवटी गडी मिळेनासे झाले आणि सदुसष्ट वर्षांचे बाबा स्वतः वर चढू लागले. २००९च्या मेमध्ये एक रीप मोडली आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. माजघरातून आईला वर लोंबणारा पाय दिसला. तिने मला फोन केला तेव्हा ती हसत होती, मग रडायला लागली. मीच म्हटलं, बस झालं. कौलं काढायची, स्लॅब टाकायचा. कर्ज मी काढलं, नकाशा मी बघितला, सही माझी. चार खोल्या, गिलावा, पिवळा रंग. पडवी त्यात नव्हती, कारण तेवढ्याच पैशात एक खोली जास्त होत होती. हिशेब चोख होता. आजही तो मला चुकीचा वाटत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅबला ओल धरली. चौथ्यात थेंब. डांबर लावून झालं, रसायनं लावून झाली, एका वर्षी वर प्लास्टिक अंथरून झालं. शेवटी गावातल्या प्रत्येकाने केलं तेच आम्ही केलं: स्लॅबच्या वर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर उतरते पत्रे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना बघा, राजापूरच्या खाली घरामागून घर, सपाट गच्चीवर निळ्या-लाल पत्र्यांची टोपी. पावसाने आमच्याकडून उतरतं छप्पर परत वसूल केलं. आणि त्या पत्र्याखाली, पत्रे आणि स्लॅब यांच्या मधल्या त्या चारी बाजूंनी उघड्या जागेत, आता आई आमसुलं वाळवते आणि बाबा दुपारचे खुर्ची टाकून बसतात. पडवी जिना चढून वर गेली. नकाशात ती कुठेच नाही.

तर मी तिसरं घर बांधायला घेतलं. या वेळी व्हिडिओ न लावता. जागा कांदळवनाच्या कडेला निवडली. खेळात ते २०२२पासून आहे, पायाखाली चिखल, डोक्यावर मुळांची गुंतवळ, वासाची तेवढी उणीव. चिऱ्यांसाठी साधा टेराकोटा आणि त्यात मधूनमधून ग्रॅनाइट, जो तिथे गुलाबीसर असतो. दुरून बघितलं तर जांभा. मागच्या भिंतीला मातीच्या विटा. त्यांची कृती वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. मातीवर बाटलीभर पाणी ओतायचं, चिखल होतो. चिखलात गहू कालवायचा, तो घट्ट होतो. मग त्याच्या विटा. आजीच्या हातचं भिंतीचं लिंपण आठवलं. ती भाताचं तूस घालायची, गहू घातला असता तर आजोबांनी घराबाहेर काढलं असतं.

अडलं ते कौलांपाशी. टेराकोटाचा रंग हुबेहूब, पण टेराकोटाची पायरी खेळात मिळतच नाही, आणि पायऱ्यांशिवाय उतार कसा करणार? अकेशियाचं लाकूड भडक नारिंगी. मग विटांच्या पायऱ्या. मला साधारण दोनशे लागणार होत्या. हिशेब मांडला: चार गोळे मातीची एक वीट-चौकट, सहा चौकटींच्या चार पायऱ्या, म्हणजे दोनशे पायऱ्यांना बाराशे गोळे, आणि एक गोळा भट्टीत भाजायला दहा सेकंद. एका भट्टीत तीन तास वीस मिनिटं. मी नदीच्या तळाशी बुडून, श्वास संपला की वर येऊन माती काढत राहिलो. तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी भाचीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. "मामा! स्टोनकटर वापर ना! त्यात एका चौकटीची एक पायरी होते." चारशे गोळे वाचले असते. पण तोवर पायऱ्या झाल्या होत्या, आणि छपरावर चढवल्यावर लक्षात आलं की ते छप्पर नाही, आडवी पडलेली भिंत दिसतेय. सगळं उतरवलं. शाकारणीच की ही.

शेवटी उत्तर दारातच होतं. कांदळाचं लाकूड. त्या खेळात ते गडद लाल असतं, जुलैतल्या भिजलेल्या कौलासारखं. वरचं पाखं पायऱ्यांचं केलं, पंचेचाळीस अंशांचं, आणि पडवीवर तेच पुढे अर्ध्या ठोकळ्यांनी, निम्म्या उताराने, खाली खाली आणत नेलं. इतकं खाली, की पुढून बघणाऱ्याला भिंत दिसतच नाही, अंधार दिसतो. खांब लावले. गरज नव्हती, पण लावले. आणि पडवीत कंदील टांगला. याची मात्र तिथे खरीच गरज असते. जिथे अंधार पूर्ण असेल तिथे रात्री राक्षस उगवतात, आणि एक कंदील तेवढ्या जागेला पुरतो. तिन्हीसांजेला पडवीत दिवा लावा म्हणून आजी आमच्या मागे का लागायची, याचं इतकं रोखठोक कारण मला कुणीच दिलं नव्हतं.

रविवारी भाची आली. मी काही बोललो नाही. तिने नेहमीच्या दोन चकरा मारल्या. मग पडवीत येऊन थांबली. तेवढ्यात आभाळ काळवंडलं आणि पाऊस सुरू झाला. खेळातला पाऊस, करड्या उभ्या रेघांचा.

"हे कशाला आहे? भिंतीच्या बाहेर छप्पर?"

"पाऊस लागू नये म्हणून."

"पण इथे पावसाने काही होत नाही."

"हो."

"मग इथे काय ठेवणार?"

"काही नाही. बसायला आहे."

"इथे बसता येत नाही, मामा," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. आणि ते खरंच होतं. मला आठवलंच नव्हतं. त्या खेळात माणूस चालतो, पळतो, पोहतो, झोपतो, बसत नाही. पायरीची खुर्ची करता येते, ती दिसते खुर्चीसारखी, पण तिच्यावर फक्त उभं राहता येतं. मी एवढी पडवी बांधली होती आणि तिच्यात करण्यासारखं एकमेव काम त्या जगाला ठाऊकच नव्हतं. मी गप्प राहिलो. ती घरात गेली, माझ्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग लाकडाची खटखट. परत आली तेव्हा तिच्या हातात होडी होती. तिने ती पडवीच्या मधोमध, कोरड्या फरशीवर ठेवली आणि टुणकन आत बसली.

"होडीत बसता येतं," ती म्हणाली. "दोघांना. ये, मागे बस."

मी बसलो. समोर तिचं चौकोनी डोकं, त्यापलीकडे वळचण, त्यापलीकडे पाऊस. कंदील डोक्यावर. ती वल्ही मारायला लागली. जमिनीवर होडी जेमतेम सरकते. थोडी पुढे गेली, मग तिने उलटी वल्ही मारली, तेवढीच मागे आली. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. फोनमधून नाशिकचा पंखा ऐकू येत होता.

"अजून थोडा वेळ?" तिने विचारलं.